धुळीच्या वादळातला गोळा
दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला की मातकट वास सुटतो आणि नव्वदच्या दशकातली, आखातातल्या गुदैबियातली ती दुपार आठवते. धुळीच्या वादळाने विमानं बंद होती. दोन वर्षांनी रजेवर निघालेला आमचा रूममेट, रत्नागिरीचा ड्रायव्हर, बांधलेल्या खोक्यावर मान टाकून बसला होता. शिफ्ट करून आमचीही अंगं आंबली होती. कोणीतरी जुन्या फ्रीजरमधला बर्फ खरवडून त्याच्या डोक्यावर ठेवला. "घे, काश्मीरला तरी पोचलास!" तो हसला नाही. उठला, आम्ही सगळ्यांनी मिळून आवळलेली खोक्याची दोरी कापली आणि पोरांसाठी घेतलेली संत्र्याच्या सरबताची पावडर बर्फावर ओतली. "खा रे आता, यल्ला, चला!" मग आधी तोच हसला. दाताखाली धूळ कचकचत होती, तरी आम्ही गोळे चोखत राहिलो. हल्लीच्या फ्रीजमध्ये बर्फ साचत नाही. टॉवेलही मी एकटाच कोंबतो.