हमूरचं डोकं

राग माझ्या नाकावरच. दोस्त मात्र असा शांत, की पाणी हवं असलं तरी पेल्याकडे नुसता बघायचा. आम्ही दोघं रत्नागिरीकडचे, एका मोहल्ल्यातले, एकाच लाँचमधून इकडे उतरलेले. साठच्या दशकातली गोष्ट. शारजात आज दिसतात ती वर्कशॉपं, गोदामं तेव्हा कुठली? वाळू होती, आणि जिथे भिंत उभी राहायची तिथे आमचा मुक्काम. काम संपलं की मुकादम ओरडायचा, "यल्ला!", आणि आम्ही वळकट्या उचलायचो. सिमेंटचा माल वाहायला दोन दांड्यांची पाटी असायची. पुढे मी, मागे तो. ही जोडी फोडायची मुकादमाचीसुद्धा बिशाद नव्हती.

झावळ्यांच्या खोपटात सगळे कोकणातलेच. घरच्यासारखे एका मोठ्या थाळ्याभोवती बसून जेवायचो. जुम्म्याच्या दुपारी नमाज झाली की हमूर माशाचं कालवण. माशाच्या डोक्यावर आम्हा दोघांचा हक्क, आणि गालाचा गुबगुबीत तुकडा कुणाचा यावरून दर जुम्म्याला आमचं भांडण. बाकीचे हसून लोळायचे.

मग माझ्या बोटांवर पांढरे डाग उठले. कोड. ते एकाचं दुसऱ्याला लागत नाही हे आज शेंबडं पोरही सांगेल, पण तेव्हा कोण ऐकतो! खोपटातले सगळ्यात वयस्कर चाचा एके दिवशी म्हणाले, "बेटा, बुरा मत मान. तू काही दिवस वेगळं जेव." आणि माझ्यापुढे एक छोटी ताटली सरकवली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "जेवतो वेगळा! मला कुणाची गरज नाही. कुणी जवळ येऊ नका!"

दोस्त खाली मान घालून थाळ्यातला भात कालवत राहिला.

रोज पाटीची मागची बाजू तोच धरायचा, पण जेवायला मात्र थाळ्यावर. समुद्र ओलांडून आलो तेव्हा एकटं वाटलं नव्हतं, ते त्या ताटलीपुढे वाटलं. भात चिवडायचा आणि उठायचं. शेवटी ठरवलं, मिळेल त्या लाँचने गावी परत जायचं. दोस्तच नाही तर इथे राहून करायचंय काय?

जुम्मा आला. चाचांना माझी दया आली असावी, त्यांनी अख्खं डोकं माझ्या ताटलीत घातलं. कुणी ओढलं नाही, कुणी भांडलं नाही. मी ते डोकं नुसतं ताटलीत फिरवत बसलो.

तेवढ्यात थाळ्यावरून दोस्त उठला, माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि सरळ ताटलीत हात घालून गालाचा तुकडा तोंडात टाकला!

"अरे चोरा! माझ्या ताटातलं?"

"डोकं दोघांचं आहे," तो चघळत म्हणाला. "एकट्याने खायला तुला कुणी सांगितलं?"

"मग इतके दिवस कुठे होतास?"

"तूच म्हणालास, जवळ येऊ नका. राग उतरायची वाट बघत होतो. तो काही उतरेना, आणि मासा चालला संपायला."

चाचा गंभीर झाले. "बघ हां, आता तुलाही थाळ्यावर घेता येणार नाही."

"नका घेऊ. खलास!" म्हणत त्याने दुसऱ्या गालाला हात घातला. मी त्याच्या हातावर चापट मारली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातून शिव्या. गावी जायचं मी तिथल्या तिथे विसरलो.

पुढे आम्ही फुजैराच्या कामावर गेलो. माणसं नवी, रांधणारा भटारीही नवा. त्याने माझे हात पाहिले आणि वेगळी ताटली काढली. मी तोंड उघडणार, त्याच्या आत माझा मुखदुर्बळ दोस्त बोलला, "दोघांना एकच ताट दे. मोठं दे, हा भांडतो."

भटाऱ्याने ताटली ठेवून मोठं ताट काढलं. जुम्मा होता, त्यात हमूरचं अख्खं डोकं घातलं. मी छाती काढून ते ताट घेतलं. कुठला शेखही इतक्या ऐटीत जेवायला बसला नसेल!

दाराशी एक बलुची हमाल एकटाच रोटी खात होता. त्याची भाषा तिथे कुणाला येत नव्हती. मी त्याला खूण करून बोलावलं, याच पांढऱ्या बोटांनी. तो क्षणभर माझ्या हाताकडे बघत राहिला, मग रोटी घेऊन आमच्या ताटाशी येऊन बसला.

"डोकं मात्र आमचं," मी त्याला मराठीत बजावलं.

त्याला काय कळलं कुणास ठाऊक. त्याने हसून सरळ ताटातल्या डोक्यालाच हात घातला.