मोडलेल्या धुऱ्यावरून फिरलेले बैल

इथले अनुभव मी रोज वाचते. पांढरी साडी, उलटे पाय, आणि खाली कुणीतरी विचारणार, 'लोकेशन पाठवा'. हसून पुरेवाट होते. नातीनं मोबाईलवर मराठी टायपिंग शिकवलंय, तेव्हा आता मीही लिहिणार. आधीच सांगते — भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. देवऋष्याला दारातून हाकललेली बाई आहे मी. तरी हे झालं... भर दुपारी, माझ्यासमोर झालं. पटत नसेल तर दुसरी पोस्ट वाचा. मी काही तुमच्या पाया पडायला आलेली नाही.

आमचं खेडं बीबी गावाच्या बाजूचं. नाव सांगत नाही, कारण काकाजींची नातवंडं याच ग्रुपवर आहेत. महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. मी नवी सून, माहेर देऊळगाव राजा, सातवी पास. त्या सातवीचा काय तोरा होता म्हणून सांगू! वावरात चप्पल घालून जायची. काळ्या मातीत चप्पल रुतली की चप्पल मागे आणि मी पुढे. बायका विचारायच्या, "मास्तरीणबाई, पाय आनला का तिथंच राह्यला?"

माझे सासरे लग्नाआधीच वारले होते. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. काकाजी म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ. दोघा भावांची वाटणी तोंडी झालेली, मधे धुरा घातला — शेताचा बांध हो — पलीकडे त्यांचं, अलीकडे आमचं. विहीर आमच्या बाजूला, अगदी धुऱ्याला लागून. त्या विहिरीवर आमची मिरची-वांगी निघायची आणि त्यावर घर चालायचं. बाकी सगळं कोरडवाहू. विहीर गेली असती तर आम्हाला दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं निंदायला जावं लागलं असतं, इतकं सरळ होतं ते.

झालं असं, की काकाजींना त्यांचं वावर विकायचं होतं आणि जालन्याकडचा घेणारा विहिरीशिवाय घेईना. मग काकाजींना एकाएकी आठवलं की धुरा चुकीचा पडलाय! उन्हाळ्यात त्यांनी तो मोडून नांगरून टाकला आणि सांगून मोकळे झाले, "इहीर माह्या वाट्यातली हाये. या साली मी इहिरीच्या पलीकडपावतर पेरतो. पेरा माहा, त वहिवाट माही."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, लेकाला म्हणाल्या, "पोरा, काही त बोल!" आमचे हे म्हणाले, "काका मोठे हायेत, आई." आणि पेरणीच्या दिवशी नेमके बाजाराला गेले. बाजाराचा वार नसताना!

मग मी गेले. लग्नातलं लुगडं नेसून, तोंडाला पावडर लावून! मला वाटलं, शिकलेली बाई दिसली की काकाजी वरमतील. काकाजी तिफन, म्हणजे पेरणीचं औत, हाकत होते, मागे काकूबाई चाड्यात मुठीनं बी सोडत होत्या. मी विहिरीपाशी उभी राहिले आणि पाठ केलेलं भाषण सुरू केलं, "काकाजी, हा अन्याय आहे! आपणांस असे करता येणार नाही!"

काकूबाई खो-खो हसल्या. "अवो, हे पुस्तक कोनं उघडं टाकलं वावरात?"

भाषण तिथंच संपलं. पुढचं आठवेना. डोळ्यांत पाणी आलं, पावडर ओघळली, आणि काय करावं ते न सुचून मी सरळ तिफनीच्या वाटेत खाली बसले. लुगड्यासकट. मातीत.

"ऊठ पोरी," काकाजी ओरडले.

"नाही उठत."

"बैल अंगावरून जातीन."

"न्या."

त्यांनी खरंच बैल हाकले. ही जोडी त्यांनी धुरा नांगरून झाल्यावर देऊळगावच्या बाजारातून आणलेली. आमच्या शिवारातला काडीचाही चारा त्यांना ठाऊक नव्हता. बैल थेट माझ्याकडे यायला लागले. मी डोळे मिटून घेतले... आणि उजव्या कानाशी, अगदी शेजारी कुणी उभं राहून बोलावं तसा, एक खरखरीत, हसरा आवाज आला.

"फिरा बे जवाईहो, सासरवाडी सरली!"

डोळे उघडले. शेजारी कुणी नाही. बैल जिथं जुना धुरा होता तिथंच वळले होते. कासरा ओढलेला नाही, तिफन उचललेली नाही, फण आडवे ओढत चाललेले, बी सांडतंय.

"अवो, बैल काऊन फिरवले?" काकूबाई म्हणाल्या.

"म्या नाही फिरवले." काकाजी बैलांकडे बघतच नव्हते. ते मागे वळून बघत होते.

माझा नातू कृषी कॉलेजात शिकतो. तो म्हणतो, आजी, तू समोर बसलीस म्हणून बैल बुजले. बरं बाबा. पण काकाजींनी मग तिफन शेताच्या पार दुसऱ्या टोकाला नेली. तिथं ना मी, ना विहीर. तिथंही बैल त्याच रेषेवर फिरले. चाबूक बसला तरी पुढे पाऊल टाकेनात. मग नातू म्हणतो, धुऱ्याखालची जमीन टणक असते, खुरांना कळतं. असेल! आणि आवाज? तर म्हणे ऊन लागलं तुला. माझ्याच घरात मलाच वेडी ठरवतो मेला.

काकाजींनी बैल सोडले आणि घरी गेले.

संध्याकाळी आत्याबाई भाकरी थापत होत्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आत्याबाई, बैलाले कोनी जवाई म्हनते का हो?"

त्यांचा हात थांबला. "तुले कोनं सांगतलं?"

"कोनी नाही."

"तुहे सासरे म्हनत," त्या म्हणाल्या. "नुसतं खाते न रुसून बसते म्हून जवाई. तास सरलं, वावराचं टोक आलं का म्हनत, फिरा जवाईहो, सासरवाडी सरली. ते गेल्यापासून या घरात कोनी नाही म्हटलं." आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसता रडल्या. तव्यावरची भाकरी जळली. आम्ही तीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी आमच्या ओट्यावर आले. डोळे तांबारलेले. घरात जाऊन आत्याबाईंशी बोलले नाहीत, मलाच बाहेर बोलावलं. हळूच विचारलं, "खरं सांग पोरी. काल वावरात... तुले काही आयकू आलं?"

माझ्या तोंडावर 'हो' आलं होतं. पण काकाजींचं तोंड पाहिलं आणि थांबले. मी हो म्हटलं असतं तर ते भगताला घेऊन आले असते, नारळ-लिंबू करून जागेचा बंदोबस्त झाला असता आणि पुढच्या आठवड्यात तिफन पुन्हा विहिरीवर! भुताचा उपाय गावात मिळतो. एकट्यालाच आवाज आला तर त्याला उपाय नाही.

पदर सारखा केला आणि म्हटलं, "नाही बा. कायचं?"

"काही नाही" म्हणत ते उठले. त्याच दुपारी त्यांनी स्वतः फावडं घेऊन जुन्या जागी धुरा घातला. सौदा मोडला. पुढे म्हातारे होईपर्यंत तेच वावर त्यांनी केलं, पण धुरा यायच्या बराच आधी बैल वळवायचे. मरेपर्यंत मला पुन्हा काही विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. वाईट वाटतं का, असं नातीनं विचारलं. मुळीच नाही! त्या विहिरीवर माझी चार लेकरं शिकली.

तो आवाज कुणाचा, बाजारातल्या बैलांना रेषा कशी कळली, मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर खुशाल लिहा खाली, मी वाचून हसेन. ती हाक कुणाची का असेना... ते 'नाही' मात्र माझं होतं.