बिडी विझवणारी मावशी

समोरच्याच्या ओठातली बिडी दोन बोटांनी अलगद उपटायची आणि पाण्याच्या बादलीत बुडवायची, ही आमच्या शेजारच्या मावशीची पद्धत. वर म्हणायची, "छाती काहून जाळून राहिला गा?" एकदा तिनं जावयाचीही विझवली. तो दुपारपर्यंत फुगून बसला होता.

ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट, कन्हानची. मी नोकरीला नागपुरात सदरला जायचो. तिचा नवरा कोळशाच्या खाणीत होता. कोळसा मिळायचा, म्हणून आमच्या खोल्यांच्या ओळीत घरोघरी सिगड्या. सकाळी पेटल्या की समोरचं दार दिसायचं नाही. थंडीत मावशी सिगडी आत घेऊन दार लावायची. ती खोकायची, पण बाप्यांचा खोकला बिडीचा आणि बायकांचा धुराचा, अशी आमची सरळ वाटणी होती. 'तो रोग', म्हणजे छातीचा कॅन्सर, व्हायचा बाप्यांना. तुमच्याकडेही तेव्हा असंच समजत असतील. मावशीचा सगळा जीव नवऱ्याच्या छातीत अडकलेला असायचा.

शेवटी ती त्याला छातीचा फोटो काढायला नागपूरला घेऊन गेली. सोबत मी. फोटो म्हणून स्वतःही नवं लुगडं नेसून आली होती. तिथं तिला खोकल्याची अशी उबळ आली, की डॉक्टरांनी तिचाही फोटो काढायला सांगितला. "काढा, जोडीचा होईल," म्हणून ती हसली.

नवऱ्याची छाती ठीक निघाली. तिच्या फोटोसमोर मात्र डॉक्टर बराच वेळ उभे राहिले. आधी क्षय समजून इंजेक्शनं सुरू झाली. ती टोचून घेत राहिली आणि वाळत गेली. पुढच्या तपासणीत कॅन्सर निघाला.

"बाई, बिडी ओढता?" डॉक्टरांनी विचारलं.

नवरा पुढे झाला. "साहेब, मी पेतो. थे हात लावते, पण इझवाले."

डॉक्टर म्हणाले, "पूर्वी या रोगाचे पुरुषच यायचे. आता बिडी न ओढणाऱ्या बायकाही दिसू लागल्यात. घरातला धूरही असेल, नक्की सांगता येत नाही."

हे उत्तर ओळीत कुणी ऐकूनच घेतलं नाही. "चोरून पेत असंल," एवढंच पसरलं. मावशी नळावर आली की बायका गप्प व्हायच्या. मला भयंकर संताप यायचा. मरणाला ती भीतच होती. पण हे बोलणं तिला जास्त लागलं.

वॉर्डात भेटायला गेलो तेव्हा तिला बोलताना दम लागत होता. तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं आणि तोंड उघडलं.

"वास घे गा."

"हे काय करून राहिली वं मावशी?"

"घे. अन् ओळीत सांगजो. माह्या माघारी बोलतीन थे."

मी वाकलो. औषधाचा वास होता, श्वास तापलेला होता. बिडीचा वास नव्हता.

"नाई येत, मावशी."

"मले माहीत हाय. तू सांगजो."

तिला घाटावर पोचवून परतलो तेव्हा नळावर बायका होत्या. मी तिथं कधी थांबत नसे. त्या दिवशी थांबलो आणि मावशीच्या तोंडाला बिडीचा वास नव्हता, हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

त्यातली एक घागर उचलून निघाली. तिचा खोकला ओळीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता.