खालो दसूकींचे उरलेले सूर

इन्शिराह ज्या घरात वाढली तिथे कॅसेट उगाच वाजवणं हा मोठा गुन्हा होता. कैरोच्या इम्बाबा भागात तिच्या वडिलांचं कॅसेटचं दुकान होतं. जितकी वाजेल तितकी झिजेल, असं म्हणून ते मूळ प्रत फडक्यात बांधून कपाटात टाकत आणि नकलेची नक्कल विकत. पुढे दुकान गेलं, कॅसेटही गेल्या. बांधून ठेवायची सवय मात्र लेकीच्या हाताला राहिली.

पंचेचाळिशीची इन्शिराह आता फैसल रस्त्यावर, गच्चीखालच्या फ्लॅटमध्ये मालिकांचं पार्श्वसंगीत करायची. वादक एकही नाही. सगळी वाद्यं संगणकात, एकेक सूर सुटा टिपलेला, कीबोर्डची पट्टी दाबली की वाजणारा. कैरोत असं काम करणारे गल्लोगल्ली होते आणि बहुतेकांची वाद्यं सारखीच होती. पण इन्शिराहची बासरी दुसऱ्या कोणाकडे नव्हती. ती खालोंची होती, तिच्या आईच्या भावाची.

खालो दसूकी आयुष्यभर लग्नांत आणि मौलिदांत, म्हणजे पीरांच्या उरुसांत, वेळूची तिरकी बासरी वाजवत आले. त्यांचे पुढचे दात हलू लागले तेव्हा इन्शिराहने त्यांना याच खोलीत बसवून सूर न् सूर टिपून घेतला. हळुवार, जोरकस, श्वासासकट, दोन सुरांच्या मधे लपलेलेसुद्धा. मग दात गेले. बिनदाताच्या ओठांना बासरीवर फुंकर धरता येत नाही. तेव्हापासून खालो रोज यायचे, चहात पाव बुडवून खायचे आणि स्वतःला ऐकत बसायचे.

"आज कोण मेलं?" त्या दुपारी त्यांनी विचारलं.

"नायकाची आई."

"परवा बाप मारलात. तुमच्या मालिकेत कधी कोणाचं लग्न होतं की नाही?"

"लग्नाला ढोलकं पुरतं, खालो. रडायला तुम्ही लागता."

"बघा! दात नाहीत तरी मागणी आहे."

सकाळी सूर मधेच तुटत होते. एरवी संगणकाच्या मेमरीत प्रत्येक सुराचं नुसतं तोंड असतं. पट्टी दाबली की ते वाजायला लागतं आणि बाकीचा सूर तेवढ्यात डिस्कवरून येऊन पोचतो. पण बासरी जिच्यावर होती ती बाहेरून जोडलेली डिस्क आज सूर वेळेवर पोचवत नव्हती. इन्शिराहने यावर नेहमीचा उपाय केला. सूर पूर्णच्या पूर्ण मेमरीत उचलून घेतले. एवढी बासरी मेमरीत मावेना, म्हणून या प्रसंगात न लागणारे सूर तिने मेमरीतून काढून टाकले. डिस्कवर ते होतेच. हवे तेव्हा परत घेता आले असते.

प्रसंग जवळजवळ पुरा झाला आणि पडद्यावरून डिस्कचं चित्र नाहीसं झालं. तिने वायर काढून लावली, दुसरी वायर लावली. डिस्क हाताला गरम लागत होती, पण संगणकाच्या लेखी ती आता कुठेच नव्हती.

तरी इन्शिराह घाबरली नाही. कपाटाच्या माथ्यावर, छताला चिकटून, फडक्यात बांधलेली दुसरी डिस्क होती. सूर टिपून झाले त्याच आठवड्यात भरलेली आणि झिजू नये म्हणून त्यानंतर एकदाही न लावलेली. तिने गाठ सोडली, डिस्क जोडली. सगळी नावं ओळीने दिसली. तिने पहिला सूर उघडला. उघडेना. दुसरा उघडला, तर नुसती खरखर. मग ती कुठल्याही नावावर बोट ठेवत गेली, आणि प्रत्येक नावामागे काहीच नव्हतं.

तिने विसामला फोन लावला. तिचे संगणक तोच दुरुस्त करायचा.

"किती वर्षं लावली नाही?" त्याने विचारलं.

"बरीच. जपून ठेवली होती."

"कुठे?"

"कपाटावर."

"गच्चीखाली? आपल्या उन्हाळ्यात? बाई, ती काय कॅसेट आहे? तिच्यात विजेचा भार असतो, तो धरून ती सगळं लक्षात ठेवते. वर्षानुवर्षं वीज दाखवली नाहीस, वरून भाजलीस, तर ती विसरणारच. अधूनमधून लावायला हवी होतीस. आण इकडे, बघतो. पण आशा धरू नकोस."

फोन हातातच राहिला. तिच्या कानात वडिलांचा आवाज घुमत होता आणि त्यांच्यावर रागवावं की स्वतःवर, तेही तिला सुचेना.

"तोंड असं का झालंय?" खालो म्हणाले.

ती संगणकाकडे वळली. तिला मेमरी आठवली होती. संगणक अजून चालू होता आणि त्याच्या पोटात खालोंचे सूर पूर्ण, धडधाकट होते. पण वीज गेली की मेमरी कोरी होते, आणि त्या उन्हाळ्यात असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या, अजानमागोमाग त्यांच्या भागाची वीज रोज जायची. वीज गेल्यावर संगणक चालू ठेवणारा बॅटरीचा डबा कधीच निकामी झाला होता.

"खालो, आता मधे काही विचारायचं नाही," ती म्हणाली, आणि एकेक पट्टी दाबून सूर शेवटच्या श्वासापर्यंत वाजू देत संगणकाच्या आतल्या डिस्कवर पुन्हा टिपू लागली. खिडकीबाहेर एका मशिदीची अजान सुरू झाली, तिच्यात दुसरीची मिसळली. इन्शिराहने पुढची पट्टी दाबली. आवाज नाही. त्यापुढचीही मुकी. तिने कीबोर्डवरून सरळ हात फिरवला तेव्हा तिला उमगलं. बाकीचे तिने स्वतःच काढून टाकले होते, सकाळी, जागा करायला. आईच्या मरणाला लागणारे तेवढेच उरले होते.

शेवटचा सूर टिपून झाला. थोड्या वेळाने पंखा मंदावला, पडदा काळा झाला.

मग तिने त्यांना सगळं सांगितलं, काही न लपवता. खालो आधी हसले. "म्हणजे जन्मभर लग्नं वाजवली मी, आणि राहिला काय, तर सबा?" सबा म्हणजे त्यांच्याकडचा रडवणारा राग. हसू त्यांच्या तोंडावर जरा वेळ तसंच राहिलं, विसरल्यासारखं.

"कुठले कुठले राहिले?" त्यांनी हळूच विचारलं.

ती एकेका सुराचं नाव घेऊ लागली. प्रत्येक नावाला खालोंची बोटं गुडघ्यावर उघडत, मिटत होती. तिची नावं संपली. बोटं मात्र सवयीने पुढच्या सुरासाठी उचलली गेली आणि तशीच थांबली.