मावशीची डावी बाही

मी तिसरीपर्यंत शिकलो. पुढं मास्तराचं आणि माझं जमलं नाही. म्हणून लिहिण्यात वेडंवाकडं येईल, पण ही गोष्ट मलाच लिहायची आहे. टीव्हीवर ती एकदा माझ्याच तोंडून सांगून झाली आहे, आणि तिच्यात एक खोटं आहे.

आष्टीच्या बाजारात मी बाहुल्या नाचवायचो. नागपूरला टीव्ही आला तेव्हा तिथल्या साहेबानं लहान मुलांच्या कार्यक्रमासाठी मला बोलावलं. मी मावशी नावाची बाहुली घडवली. भोपळ्याएवढं डोकं, नाकात नथ, हिरवं लुगडं. डोकं माझं, कपडे आमच्या गावच्या टेलरचे. तो बौद्धपुऱ्यात राहायचा आणि दुपारभर मशीनवर बसून स्वतःशीच हसायचा.

मावशी अंगानं मोठी झाली. टेबलाच्या पडद्याआड उभं राहून माझा डावा हात तिच्या डोक्यात, तोंड हलवायला. उजवा तिच्या उजव्या बाहीत. डावी बाही नुसती लोंबायची. साहेब म्हणाला, "ही बाई लुळी दिसते." मी टेलरला म्हटलं, "चाल नागपूरले."

"मले काय येते, पाटील?"

"हात तर हाय ना तुले? घाल बाहीत आन् गप उभा राह्य."

तो गप उभा राहिला नाही. पहिल्याच दिवशी मावशी मुलांना लाडू वाटणार होती. मी उजवा हात पुढं करणार, तर त्याआधीच यानं डावा पुढं केला. डाव्या हातानं कोणी खायला देते का? माझं डोकं फिरलं. मावशीच्याच आवाजात मी तिच्या हातावर ओरडलो, "काऊन रे हाता, तुले कोनं सांगतलं?" आणि उजव्या हातानं एक चापट मारली. तो हात रुसला. पाठीमागं जाऊन लपला. मग हळूच वर आला आणि मावशीचा कान खाजवू लागला. समोर बसलेली मुलं हसून हसून आडवी झाली.

तेव्हापासून दर खेपेला तेच. मुलांची पत्रं यायची. अर्ध्या पत्रांत शेवटी लिहिलेलं असायचं, मावशीच्या डाव्या हाताला नमस्कार. ते वाचून दाखवलं की माझं तोंड कडू व्हायचं. मावशी माझी होती.

परतीच्या एसटीत मी त्याला म्हणायचो, "टेलर, माह्या आंधी हात हलवत नको जाऊ."

"मी कुठं हलवतो, पाटील? मावशीच हलवून राह्यली."

आमच्या गल्लीतले लोक मला टोमणे मारायचे, "काय बे, त्याच्यासंगं एकाच लुगड्यात हात घालतं?" मी उलटून म्हणायचो, "लुगडं मावशीचं हाय. तुमच्या बापाचं नाई." तेव्हा माझी छाती एवढी होती, हे लिहून ठेवतो. कारण पुढं ती राहिली नाही.

टेलर काविळीनं गेला. पंधरा दिवसांत होत्याचा नव्हता झाला. थोड्या दिवसांनी कार्यक्रमही बंद पडला.

दोन वर्षांनी जीप आली. मावशीमागच्या माणसावर, म्हणजे माझ्यावर, फिल्म काढायची होती. अंगणात कॅमेरा लावला. डावी बाही लोंबू नये म्हणून मी आदल्या दिवशी तिच्यात कापूस ठासून भरला होता. मावशी मांडीवर घेऊन बसलो. सारी गल्ली कुंपणाशी उभी. फिल्मवाल्या पोरीनं विचारलं, "बाबा, तो खोडकर डावा हात कोण चालवायचं?"

त्याचं नाव ओठापर्यंत आलं. समोर ती सारी तोंडं होती. मी नाव गिळलं.

"तोंड माझं, दोन्ही हात माझे," मी म्हणालो. "दुसरं कोन राहीन?"

रविवारी सकाळी फिल्म लागली. ग्रामपंचायतीच्या टीव्हीपुढं लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणी हात मोजले नाहीत.

दुसऱ्या दिवशी टेलरची बायको आली. ओसरीच्या पायरीशी उभी राहिली.

"भाऊ, फिल्लम पाह्यली. चांगली हाय. एक इचारू?"

"इचार ना."

"तुमाले हात किती हाय?"

मी हसलो. "दोन. सगळ्याइले असते तेवढे."

"एक मावशीच्या डोक्यात. एक उजव्या बाहीत." ती बोटांवर मोजत होती. दोन बोटं झाली आणि तिसरं तिनं तसंच धरून ठेवलं. "मंग डाव्या बाहीत कोन होतं?"

अजूनही वेळ होती. पण मी मी आहे. म्हणालो, "कापूस."

ती वर आली, खुंटीवरची मावशी काढून मांडीवर घेतली आणि त्या बाहीतून बोळा बोळा कापूस उपसून ओसरीवर टाकत गेली. आत टेलरनं स्वतःच्या मापाचा हातमोजा शिवला होता. घामानं कडक झालेला. तिचा हात त्याच्यात ढिला पडला. मग तो हात उठला, मावशीच्या कानाशी गेला आणि खाजवू लागला. तसाच, थोडा थांबून थांबून.

"घरी बी असेच कान खाजवत," ती म्हणाली. हात काढला, मावशी नीट खुंटीला लावली आणि निघाली. मी म्हटलं, चहा घेऊन जाय. तिनं मागं पाहिलं नाही.

मी पोस्टकार्ड आणून फिल्मवाल्यांना स्वतःच्या अक्षरात लिहिलं. मी खोटं बोललो, डावा हात टेलरचा होता. त्याचं पूर्ण नावही लिहिलं. उत्तर आलं, फिल्म तयार झाली आहे, आता काही बदलता येत नाही. फिल्ममध्ये त्याचं नाव नाही, म्हणून इथं माझंही घातलं नाही.

फिल्म अजून कुठं कुठं लागते. नातू लावून दाखवतो. अंगणातला तो माणूस म्हणतो, दोन्ही हात माझे. आणि नेमकं तेव्हाच मांडीवरच्या मावशीचा डावा हात थोडा उठतो, कानाकडं. नातू म्हणतो, आजोबा, वारा असन. वैशाखातली दुपार होती. मागं निंबाचं झाड दिसते, त्याचं पान हलत नाही.

त्या बाहीत मी पुन्हा कापूस भरला नाही. लोंबते. लुळी दिसते तर दिसू द्या.