वीस धुलायांचा परीक्षक

माझ्या ताईच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भावोजींना, अख्खी गल्ली ‘परीक्षक’ म्हणते. गल्ली ते हसू दाबून म्हणते आणि भावोजी ते छाती फुगवून ऐकतात, त्यामुळे आजवर कुणाचंच काही बिघडलेलं नाही.

या माणसाला कुठलीही वस्तू सरळ हातात घेता येत नाही. आमच्याकडे आले की बसण्याआधी खुर्ची हलवून बघतील. चहाचा कप प्यायच्या आधी वर धरून त्याचं बूड वाचतील. दाराची कडी दोनदा वाजवतील आणि म्हणतील, “मेहुणीबाई, ही काही फार दिवस टिकायची नाही.” ती कडी बावीस वर्षं टिकली आहे. भावोजींची एकही नोकरी दोन वर्षांवर टिकलेली नाही. शेवटची एका फोटो स्टुडिओतली. तिथल्या मालकाला ते रोज सकाळी त्याच्या कॅमेऱ्यातले दोष समजावून सांगत. एके दिवशी मालकानं त्यांना घरी बसून दोष शोधायची मोकळीक दिली.

तिथून निघताना त्यांनी स्टुडिओतलं एक जुनं यंत्र घरी आणलं. हीट प्रेस. सँडविच भाजायच्या यंत्राचा थोरला भाऊ म्हणा. खाली कपडा पसरायचा, वर चित्राची शीट ठेवायची, दांडी ओढून तापलेलं झाकण दाबायचं. अर्ध्या मिनिटानं यंत्र किंचाळतं, तोवर चित्र कपड्याला चिकटलेलं असतं. पांढऱ्या कपड्यावर हे कुणालाही जमतं. खरी गोम काळ्या, निळ्या, गडद कापडात. त्यावर नुसता रंग टाकला तर तो बुडून जातो, म्हणून गडद कापडाच्या शीटमध्ये रंगाखाली एक पांढरा थर असतो. सगळा खेळ त्या थराचा. जाड असला तर भेगा पडतात, पातळ असला तर खालचं कापड डोकावतं. मला एवढं कसं कळतं असं कुणी विचारू नये. सात वर्षं दर रविवारी ताईकडे जेवताना मी दुसरं काही ऐकलेलं नाही.

अशा शीट विकणारा एक व्यापारी त्यांच्या ओळखीचा. नवा माल आला की तो चार-सहा नमुने पाठवून देतो, आणि भावोजी ते तपासून आपलं मत कळवतात. व्यापारी ते वाचतो की त्यात पुड्या बांधतो, देव जाणे. दुसऱ्यासाठी म्हणून भावोजींनी या यंत्रावर रुमालसुद्धा छापलेला नाही. “छापणारे गल्लोगल्ली आहेत,” ते म्हणतात, “पारखणारा एखादाच.” स्वतःसाठी मात्र त्यांनी एक काळा शर्ट छापून घेतला. छातीवर सोनेरी अक्षरांत ‘परीक्षक’. बाहेर जायचं असलं की तोच.

आणि घर? घर ताई चालवते. एका हॉस्पिटलच्या धुलाईघरात ती एकोणीस वर्षं आहे. तिथे भिंतीएवढी यंत्रं आहेत, उकळी फुटायला आलेलं पाणी आहे, डोळ्यांत पाणी आणणारी पावडर आहे. दिवसभर चादरी आणि कोट उपसून ती घरी येते, तेव्हा पुढच्या खोलीत परीक्षक भिंग घेऊन बसलेले असतात.

त्यांची तपासणी बघण्यासारखी असते. छापलेला काळा तुकडा आधी हुंगायचा. मग दोन्ही अंगठ्यांनी ताणायचा, नखानं कोपरा खरवडायचा, त्यावर चिकटपट्टी लावून खसकन ओढायची आणि चिकटपट्टीकडे भिंगातून इतका वेळ बघायचं, जणू आत कोणी राहत असावं. मग वहीत नोंद. शीटचा क्रमांक, तापमान, सेकंद, आणि शेवटचा रकाना ‘धुलाई’. धुलाई म्हणजे ताई.

“अगं, या सहांना दहा-दहा धुलाया दे,” ते खुर्चीतूनच सांगणार. ताई पदर खोचून न्हाणीघरात जाणार. चार दिवसांनी वहीच्या शेवटच्या रकान्यात लिहिलं जाणार, ‘उत्तम’. सात वर्षांच्या वहीत त्या रकान्यात दुसरा शब्द क्वचित सापडतो. कधी चकाकी नाही म्हणून, कधी कडा आवडली नाही म्हणून त्यांनी शीट नाकारल्या असतील, पण पहिल्या वर्षीची एक सोडली तर धुलाईत नापास झालेली एकही नाही. मलाही याचं नवल वाटायचं.

एकदा मी भाजी निवडत बोलायला म्हणून न्हाणीघराच्या दाराशी जाऊन बसले आणि नवल संपलं. ताईनं टबात गार पाणी घेतलं होतं. त्यात शाम्पूचे दोन थेंब. छापलेला तुकडा उलटा करून ती तळहातावर असा हलवत होती की बाळंतिणीनं बघितलं असतं तर बाळ तिच्या हाती दिलं असतं. पिळणं नाही, घासणं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून टिपलं आणि सावलीत पसरलं.

“ही धुलाई?” मी विचारलं.

“हळू बोल.”

“अगं, पण असं कोण धुतं कपडे?”

“पहिल्या वर्षी एक धुतला होता नीट, रगडून,” ताई म्हणाली. “चित्राची सालं निघाली. आठ दिवस जेवताना मान वर केली नाही त्यांनी. नोकरी गेली तेव्हासुद्धा इतकं पडलं नव्हतं तोंड. मग म्हटलं, कशाला? व्यापारी तरी कुठे वाचतोय.”

“म्हणजे झाकली मूठ.”

“राहू दे झाकलेली.”

मनात म्हटलं, शर्टावर लिहून फिरणाऱ्याची परीक्षा आत टबात कधीच फुटली आहे. आणि खरं सांगायचं तर मला त्याची गंमत वाटली.

गंमत संपली ती या वर्षी. धुलाईघराच्या मुख्य बाई निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागेसाठी दोन नावं होती, त्यातलं एक ताईचं. निवड मेट्रनच्या हाती. ताई ओल्या फरशीवर उभी राहून राहून पायांच्या शिरा गाठाळलेली बाई. त्या जागेवर खुर्ची होती. तिनं मला फक्त एवढंच सांगितलं होतं, “खुर्ची मिळेल गं.” त्यात सगळं आलं.

त्याच सुमारास वॉर्डातल्या मदतनिसांना नवे गडद निळे कोट आले, बेचाळीस. पाठीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत ‘रुग्णसेवा’ हवं होतं. मेट्रननं सहज विचारलं, “तुमचे मिस्टर काहीतरी असलंच करतात ना? टिकेल का?” ताईनं घरी विचारलं. परीक्षकांनी वही उघडली, बोट फिरवलं आणि निकाल दिला, “सतरा नंबर. वीस धुलाया. केसभरही हललेली नाही. माझा शब्द आहे म्हणून सांग.” आणि ताईनं, देवा रे, जाऊन मेट्रनला सांगितलं. चार जणींसमोर.

सांगून आली आणि मग तिच्या ध्यानात आलं, आपण काय करून बसलो. कारण तो शब्द भावोजींचा असला तरी हात तिचे होते, आणि ते कोट आता तिच्याच धुलाईघरात, त्या उकळत्या पाण्यात येणार होते.

दुसऱ्या दिवशी तिनं सतरा नंबरनं ‘रुग्णसेवा’ छापलेला एक तुकडा डब्याच्या पिशवीतून नेला आणि फरशी पुसायच्या फडक्यांच्या फेरीत टाकला. संध्याकाळी ती घरी न जाता माझ्याकडे आली आणि ओट्यावर तो तुकडा ठेवला.

एकाच धुलाईत पांढऱ्या थराला सुकलेल्या तळ्यासारख्या भेगा गेल्या होत्या. सुकवायच्या ड्रममध्ये कापड दुमडलं आणि अक्षरं वितळून अक्षरांनाच चिकटली. ताईनं घडी ओढली तर ‘रुग्ण’ एका बाजूला आणि ‘सेवा’चा पापुद्रा तिच्या बोटाला.

मी हसले. आधी हसले, त्याची मला अजून लाज वाटते. ताईचे डोळे भरले होते.

“कोण काय म्हणेल त्याचं नाही गं,” ती म्हणाली. “पण धुलाईघरातल्या बाईला काय टिकतं तेही कळत नाही, असं झालं ना? मग कशाला देतील मला ती जागा?”

मी चप्पल घातली आणि तिच्याबरोबर गेले.

परीक्षकांनी तुकडा उजेडात धरला. भिंग लावलं. हुंगला. “पाणी किती गरम होतं?”

“रोज असतं तेवढं.”

“तिथेच चुकलं. पाकिटावर छापलंय. गार पाणी, हातानं, उलटं करून.”

“मदतनिसांचे कोट, अहो? गार पाण्यात? रक्त, औषधं, काय काय असतं त्यावर.”

“मग त्यांना म्हणावं यंत्र बदला.”

“हॉस्पिटलच बदलून घेऊ या का, भावोजी?” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे कपाच्या बुडाकडे बघतात तसं बघितलं. मग वही आपटली. “हे काय लिहिलंय? वीस धुलाया! वीस! हे काय मी स्वप्नात बघितलं?”

“त्या मी धुतल्या होत्या,” ताई म्हणाली.

“मग?”

“गार पाण्यात. शाम्पूनं. न पिळता. सगळ्या शीट तशाच धुतल्या. पहिली सोडून.”

भावोजींनी वहीची पानं मागे उलटली, आणखी मागे उलटली, जणू कुठेतरी एखादं खरं पान सापडेल. मग म्हणाले, “म्हणजे खोटं तू केलंस. मी नाही.”

जन्मभर दोष शोधत फिरलेल्या या माणसाला आयुष्यात एकदा खरा दोष सापडला होता, आणि तो नेमका माझ्या बहिणीत.

“हो, मी केलं,” ताई म्हणाली. “आता खऱ्या धुवायच्यात. सगळ्या शीट काढा.”

ते आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. मग आम्हीच काढल्या. निळं कापड कापलं, पाठीमागचा कागद सोलला, शीट सुलटी ठेवली, वर बटर पेपर, आणि दोघींनी मिळून दांडी ओढली. सव्वीस तुकडे झाले. आतून दर थोड्या वेळानं आवाज यायचा. “सेकंद जास्त झाले!” आणि मग, “गार होऊ द्या आधी, मग हात लावा!” पडल्या पडल्यासुद्धा तपासणी चालू.

सकाळी ताई आधी मेट्रनकडे गेली. म्हणाली, “मी दिलेला शब्द मागे घेते. तो माल आपल्या पाण्यात टिकत नाही. मी घालून बघितला.”

मेट्रन कागदावरून मान वर न करता म्हणाली, “मग टिकणारा शोधा. शनिवारपर्यंत. नाहीतर कोट कोरेच घालतील.” मुख्य बाईंच्या जागेबद्दल अवाक्षर नाही.

चार दिवस ते सव्वीस तुकडे फडक्यांच्या प्रत्येक फेरीबरोबर धुतले गेले. पहिल्याच दिवशी एकोणीस गेले. पुढच्या दोन दिवसांत सहा. दहा धुलायांनंतर एकच तुकडा राहिला. अकरा नंबर. पांढरा रंग खडूसारखा निस्तेज, पण एक कोपराही उचललेला नाही. ताईनं वहीत अकरा नंबर शोधला. परीक्षकांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘चकाकी नाही. नाकारली.’

शनिवारी मेट्रननं तो तुकडा नखानं खरवडला, ओढला, चुरगळला. “हा दिसायला काही खास नाही,” ती म्हणाली.

“नाही,” ताई म्हणाली. “पण राहील.”

कोट अकरा नंबरनं छापले गेले. दांडी भावोजींनी ओढली, हे मी नाकारणार नाही. बेचाळीस वेळा ओढली आणि बेचाळीस सूचना केल्या. महिनाभरानं धुलाईघरातली खुर्ची ताईला मिळाली. मेट्रननं कारण सांगितलं नाही आणि ताईनं विचारलं नाही. पहिल्या दिवशी त्या खुर्चीवर ती फक्त दहा मिनिटं बसली म्हणे, बाकी वेळ सवयीनं उभीच.

परीक्षक आता गल्लीत सांगत फिरतात, “आमच्याकडची शीट हॉस्पिटलच्या मशीनवर तपासलेली असते. घरगुती धुलाईवर आम्ही विश्वास ठेवत नाही.” गल्ली पूर्वीसारखंच हसू दाबते. व्यापाऱ्यालाही त्यांनी तसं कळवलं आहे. वहीत शेवटचा रकाना आता ते कोरा सोडतात आणि तो ताई भरते. त्यात ‘गेली’, ‘गेली’, ‘तिसऱ्यात गेली’ असं खाली खाली लिहिलेलं असतं.

परवा मी गेले तेव्हा ती न्हाणीघरात होती. टबात गार पाणी, शाम्पूचा फेस, आणि तळहातावर उलटा केलेला तो काळा शर्ट. सोनेरी अक्षरं सतरा नंबरची. इतक्या वर्षांनीसुद्धा झळाळत होती.

“अगं, आता हा तरी टाक की मशीनमध्ये,” मी म्हटलं. “एकदाचा होऊ दे निकाल.”

ताईनं शर्ट अलगद टॉवेलमध्ये घेतला.

“राहू दे गं,” ती म्हणाली. “एवढा एक राहू दे.”

बाहेरून आवाज आला, “मेहुणीबाई, ही नवी खुर्ची कुठली घेतली तुमच्या ताईनं? पाय बघा हिचे. ही काही टिकायची नाही.”