त्रिशलाबाईंची ताकीद

तपासणीचे साहेब उद्या येणार, असं हेडमास्तर चिंतामणी सरांनी सांगितलं आणि त्रिशलाबाई धास्तावल्या. निपाणीजवळच्या त्या मराठी हायस्कुलात बाई इंग्रजी शिकवायच्या, पण गेस्ट टीचर म्हणून. म्हणजे दरवर्षी नव्यानं नेमणूक. वरच्यांच्या मनात आलं तर या, नाहीतर बसा घरी! इतकी वर्षं शिकवून बाई आपल्या पाहुण्याच्या पाहुण्याच.

त्यात या साहेबांचा दंडक, इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच. आणि बाईंचं सगळं शिकवणं घरच्या बोलीवर उभं. पास्ट कंटिन्युअस लावायचा का पास्ट परफेक्ट, यात भल्याभल्यांची त्रेधा उडते. बाई नियम सांगायच्याच नाहीत. त्या विचारायच्या, आई घरी आली तवा ताट कुठं हुतं, पुढ्यात का मोरीत? पुढ्यात असेल तर जेवण चालू आहे. जेवत हुतो, वॉज ईटिंग. मोरीत पडलं असेल तर आई यायच्या आधीच कारभार आटोपला; जेवलतो, हॅड ईटन. मग लग्नाची वरात असो नाहीतर शेतातली मोटर, पोरं सगळ्याला तेच ताट लावायची आणि हसत हसत बरोबर सांगायची.

पण साहेबांपुढं हे चालायचं कसं? बाईंनी वर्गाला दम भरला. उद्या ताटाचं नाव काढायचं नाही, गावचा एक शब्द तोंडातनं येता कामा नये, नाहीतर माझी नोकरी जाईल. त्यांचा आवाज असा कधी चढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी साहेब मागच्या बाकावर येऊन बसले. थोड्या वेळानं साहेबांनीच ऋतिकाला उठवलं आणि इंग्रजीतनं विचारलं, तू स्टँडवर पोचलीस, पण बस त्याआधीच निघून गेली, हे एका वाक्यात सांग.

ऋतिका म्हणजे वर्गातलं सगळ्यांत बडबडं पोर. तिचे ओठ हलले आणि मिटले. साहेबांनी दुसऱ्याला उठवलं, तिसऱ्याला उठवलं. तीच गत. सगळा वर्ग बाईंकडं बघत होता, आणि त्या डोळ्यांत बाईंना स्वतःचीच भीती दिसली. अरे देवा, काय करून बसले मी हे! येत असून पोरं मठ्ठ ठरली, तीही माझ्या नोकरीपायी.

बाई फळ्यापासून पुढं आल्या.

"ऋतिका, ताट कुठं हाय गं?"

"मोरीत, बाई. बस गेलती. द बस हॅड लेफ्ट."

साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. उठले आणि हेडमास्तरांशी कन्नडात हलक्या आवाजात बोलत बाहेर पडले. बाईंच्या सासरी कन्नडच बोलतात. पुढच्या वर्षीच्या नेमणुकीचं बघू, एवढं बाईंना नेमकं ऐकू आलं.

तास संपल्यावर ऋतिका टेबलाशी येऊन उभी राहिली.

"बाई, माझ्यामुळं तुमची नोकरी जाणार व्हय?"

न्हाय गं, असं बाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण पोरीशी खोटं बोलवेना.

"जाईल बी," त्या म्हणाल्या. "मला लई भ्या वाटतंय, ऋतिका. पण माझ्यासाठी तू परत कधी गप बसू नगंस."